शाळेत जाणाऱ्या मुलांची जिज्ञासा आणि स्वप्ने कशी जपावीत

चार वर्षांचे मूल घरात आईच्या मागे फिरून प्रश्नांचा भडिमार करते आणि तेच मूल चौथीत गेल्यावर वर्गात तोंड उघडत नाही, ही तक्रार मराठवाड्यातील पालकसभांमध्ये नेहमीची आहे. शिक्षक मूल लाजाळू असल्याचे सांगतात आणि विषय तेथेच संपतो. लाजाळूपणाचा भाग त्यात थोडाच असतो. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी लंडनमधील चार वर्षांच्या मुलींचे घरातील आणि बालशाळेतील बोलणे ध्वनिमुद्रित करून १९८४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरी आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारणाऱ्या मुली शाळेत शिक्षिकेला तासाला सुमारे दोनच प्रश्न विचारत होत्या. घरी मूल विचारते आणि मोठे माणूस उत्तर देते, तर वर्गात हा क्रम उलटतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे ३० मुले धरली, तरी प्रत्येकाने एकेक प्रश्न विचारताच तासिका संपेल. वर्गाची घडणच अशी असल्यामुळे उपाय काही अंशी घरी आणि काही अंशी शाळेत करावा लागतो. पुढील मार्गदर्शन पहिली ते आठवीच्या मुलांचे पालक आणि शिक्षक यांना समोर ठेवून लिहिले आहे.

घरातील प्रश्नांची वही

एक शंभर पानी वही घेऊन ती मुलाच्या हाताला येईल अशा ठिकाणी ठेवावी. मुलाने विचारलेला आणि आपल्याला लगेच उत्तर न सुचलेला प्रश्न तारखेसह तीत लिहावा. लिहिताना मुलाचे शब्द बदलू नयेत. "पावसाळ्यात ढेकूळ विरघळतंय, मग दगड कामून विरघळत नाही?" असे मुलाने विचारले असेल तर तसेच लिहावे; तांड्यावरील घरात प्रश्न गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, आला तर तो देवनागरीत गोरमाटीतच उतरवावा. शाळेत जे अनेकदा घडते, म्हणजे आधी भाषा सुधारायची आणि मग प्रश्नाकडे वळायचे, ते निदान घरी टाळावे, कारण भाषा दुरुस्त होईपर्यंत मुलाचा प्रश्नातील रस ओसरलेला असतो.

आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी किंवा रविवारी, वही उघडून प्रश्नांची वर्गवारी मुलालाच करायला सांगावी. काही प्रश्न पाहून सुटतात, काही पुस्तकात सापडतात आणि काही एखाद्या जाणत्या माणसाला विचारावे लागतात, उदाहरणार्थ गवंडी, पशुवैद्यक, विहिरीचे काम करणारा किंवा महावितरणचा वायरमन. अशा माणसाकडे मुलाने स्वतः जाऊन विचारावे आणि पालकाने शेजारी उभे राहून गप्प बसावे. हे गप्प बसणे पालकांना सर्वांत अवघड जाते. मोबाइलवर उत्तर शोधायला हरकत नाही, पण तो शेवटी काढावा, कारण उत्तर दहा सेकंदांत मिळाले की अंदाज बांधण्याची संधीच उरत नाही.

वर्गात थांबण्याची सवय

शिक्षकांसाठी एकच सूचना करायची झाली तर ती थांबण्याची करावी लागेल. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणे तपासली तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक साधारणपणे एकच सेकंद वाट पाहतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे त्यांना आढळले. हा अवधी तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, जी मुले एरवी बोलत नसत ती बोलू लागली आणि मुलांकडून येणारे प्रश्नही वाढले. या उपायाला पैसे लागत नाहीत, परिपत्रक लागत नाही आणि अभ्यासक्रमही मागे पडत नाही. मनातल्या मनात तीन अंक मोजावेत, मूल बोलून थांबल्यावर पुन्हा तीन मोजावेत, आणि "बरोबर" किंवा "चूक" म्हणण्याआधी "तुला असे कशावरून वाटते?" एवढे विचारावे. सुरुवातीला वर्गातील शांतता शिक्षकालाच अस्वस्थ करते. हुशार म्हणून नाव झालेल्या दोघातिघांनी मध्येच उत्तर ओरडू नये, हा नियम मात्र आधी घालून द्यावा.

शेतात आणि अंगणात करण्याच्या गोष्टी

पाठ्यपुस्तकात नायट्रोजनचे स्थिरीकरण हा भाग येतो आणि मुले तो पाठ करून दोन गुण मिळवतात. मराठवाड्यात खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन असते, तरी त्याचे मूळ फोडून पाहिलेली मुले फार थोडी सापडतात. पेरणीनंतर साधारण ३५ ते ४५ दिवसांनी, जमिनीत ओल असताना, सोयाबीनचे एक झाड खुरप्याने बाजूची माती मोकळी करून मुळासकट काढावे. उपटू नये, कारण उपटल्यास बारीक मुळे आणि त्यांवरील गाठी मातीतच राहतात. मूळ बादलीतील पाण्यात अलगद हलवून धुतले की मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी मोकळ्या दिसू लागतात. एक गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी किंवा लालसर दिसली तर तीतील जिवाणू हवेतील नायट्रोजन पकडण्याचे काम करीत आहेत असे समजावे. पांढरी किंवा हिरवट गाठ एकतर अजून तयार झालेली नसते किंवा तिचे काम थांबलेले असते.

येथवर पाठ्यपुस्तकातील धडा झाला. यापुढे मुलाला दोन शेतांतील गाठी मोजायला सांगावे: एक पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम (गाठींतील नायट्रोजन पकडणारे जिवाणू) चोळलेले आणि दुसरे न चोळलेले, किंवा एक भरपूर युरिया टाकलेले आणि दुसरे न टाकलेले. नत्र (नायट्रोजन) जास्त मिळाले की झाड गाठी कमी धरते, हे आधी सांगून टाकू नये. दोन्हीकडची पाच-पाच झाडे पाहिल्यावर फरक का पडला असेल याचे मुलाने स्वतःचे काही कारण सांगितले, मग ते चुकीचे का असेना, की ते ऐकून घ्यावे आणि तो अंदाज कसा तपासता येईल असे विचारावे. वडिलांना खताच्या पिशव्यांचा हिशेब ठाऊक असतो, त्यामुळे या संभाषणात न शिकलेला बापही बरोबरीने बोलू शकतो. माझ्या मते या प्रयोगाचा खरा लाभ हाच आहे, कारण एरवी अभ्यास या विषयावर असे वडील मुलाशी काही बोलतच नाहीत.

दुसरी गोष्ट मे महिन्यातील आहे. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य येथे वर्षातून दोनदा नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण नाहीशी होते. हा दिवस धाराशिव आणि लातूरकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि छत्रपती संभाजीनगरकडे त्यानंतर काही दिवसांनी येतो. जुलै-ऑगस्टच्या सुमाराचा दुसरा दिवस बहुधा ढगांत जातो. सपाट फरशीवर पाइपाचा तुकडा उभा करावा आणि तो गवंड्याच्या ओळंब्याने सरळ करून घ्यावा. सावली घड्याळात बारा वाजता नाहीशी होत नाही. ते सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान घडते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेस आहोत, या कारणापर्यंत मुलाने पोहोचावे म्हणून नकाशा आणि घड्याळ त्याच्या हाती द्यावे. त्या काळात शाळांना सुट्टी असते, त्यामुळे हा प्रयोग घरच्यांनीच करवून घ्यावा लागतो.

गुण, बक्षिसे आणि शिकवणी

मूल आपल्या आनंदाने करीत असलेल्या गोष्टीला बक्षीस लावू नये. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितलेली मुले नंतरच्या मोकळ्या वेळात इतर मुलांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. अनपेक्षितपणे दिलेल्या प्रशस्तिपत्राचा असा परिणाम झाला नाही. प्रश्नांच्या वहीला म्हणूनच गुण, तारे किंवा "आठवड्याचा उत्कृष्ट प्रश्न" असे काही जोडू नये.

शिकवणीचा मुद्दा अधिक नाजूक आहे. लातूर पॅटर्नवर, म्हणजे सततच्या सराव परीक्षांवर आधारलेल्या लातूरच्या शिकवणी पद्धतीवर, टीका करणे सोपे आहे, पण त्याच पद्धतीने कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोचली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेत २०२५ मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. एका मिनिटात एक प्रश्न सोडवायचा तर सराव हवा, कुतूहल तेथे आड येते. अकरावी-बारावीच्या मुलाने समजून-उमजून दोन वर्षांचा हा करार करावा. सहावीतील मुलाला "फाउंडेशन"च्या नावाखाली त्याच मापात बसवणे मात्र मला पटत नाही, कारण त्या वयात पर्यायांतून उत्तर निवडण्याची सवय लागली की पर्याय नसलेला प्रश्न मुलाला प्रश्नच वाटेनासा होतो. आठवीपर्यंत शिकवणी लावायचीच असेल तर ती मूल ज्या विषयात अडते त्याच विषयाची लावावी, आणि आठवड्यात किमान दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्यात.

"मोठेपणी कोण होणार?" याऐवजी काय विचारावे

लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडले की मुले वाढत्या वयाबरोबर स्वप्ने निवडण्यापेक्षा ती वगळत जातात: सहा ते आठ वर्षांच्या सुमारास हे काम मुलींचे आणि ते मुलांचे म्हणून, आणि नऊ ते तेराच्या सुमारास अमुक काम आपल्यासारख्यांचे नाही किंवा ते कमी प्रतिष्ठेचे आहे म्हणून. वगळण्याचे हे काम मूल मनातच उरकते आणि घरी कोणाला कळत नाही. त्यामुळे पाहुण्यांसमोर "कोण होणार?" विचारल्यावर येणाऱ्या डॉक्टर, कलेक्टर, पोलीस या उत्तरांवर फारसा विश्वास ठेवू नये. त्याऐवजी "कोणते काम करताना तुझे जेवणाकडे लक्ष राहत नाही?" आणि "तुझ्यासारख्या मुलीला कोणते काम करताच येणार नाही असे तुला वाटते?" असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात वगळलेली यादी बाहेर येते, आणि मग एकेका कामाविषयी बोलता येते.

त्यानंतर मुलाला कामाच्या जागी न्यावे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, पैठणचे जायकवाडी धरण, तेरचे वस्तुसंग्रहालय, तालुक्याची प्रयोगशाळा, एसटीचे आगार यांपैकी जवळचे ठिकाण निवडावे आणि जाताना वहीतील चार प्रश्न सोबत न्यावेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या काटकोनातील दोन्ही बाहू प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे असतील. अशा ठिकाणी शास्त्रज्ञांइतकीच गरज वेल्डर, सर्वेक्षक, इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ आणि निर्वात नळ्यांचे काम जाणणाऱ्यांची असते, हे मुलाला सांगितले तर विज्ञान म्हणजे डॉक्टर किंवा इंजिनिअर या दोनच वाटा उरत नाहीत.

मुलींच्या बाबतीत स्वप्न बहुधा अंतरावर आणि पैशांवर अडते, तेव्हा माहिती हाताशी ठेवावी. पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. दहावीनंतर लग्नाचा विषय निघण्याआधी ही माहिती घरात पोहोचली पाहिजे, म्हणून ती सातवी-आठवीतच सांगावी.

ऊसतोडीवरून परतलेले मूल

बीड, धाराशिव, जालना या भागांतील अनेक मुले दिवाळीच्या आसपास आईवडिलांबरोबर कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शक्य असेल तेथे हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईवडील बाहेर असताना मुलांना शाळेजवळ ठेवून घेण्याच्या सोयीचा, आग्रह धरावाच. तरीही मूल गेलेच, तर परतल्यावर पहिल्या दिवशी बुडलेल्या धड्यांची यादी त्याच्यापुढे ठेवू नये. उसाचे वजन कसे होते, बैलगाडीत मोळ्या कशा रचल्या की त्या कलत नाहीत, कोपी (राहण्याची झोपडी) कशी बांधतात, हे त्याने वर्गाला सांगावे आणि वर्गाने त्याला प्रश्न विचारावेत. मोळ्यांच्या मापांतून गणिताचा एक तास सहज निघतो. यानंतर मागे पडलेला अभ्यास घेतला की मूल वर्गात ओशाळे होऊन बसत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत काय मागावे

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती आणि शोध यांतून शिकणे आणि मुलाला भयमुक्तपणे मत मांडता येणे हे अभ्यासक्रमाचे निकष म्हणून लिहिले आहेत, आणि कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेव्हा "मुलांना प्रश्न विचारू द्या" अशी मोघम विनंती न करता तीन गोष्टी मागाव्यात: वाचनालयाच्या कपाटाची किल्ली वर्गप्रमुख मुलांकडे असावी, आठवड्यातील एक तासिका मुलांच्या प्रश्नांसाठी वेळापत्रकात दाखवावी आणि सहलींपैकी एक कामाच्या ठिकाणी काढावी. मागणी तोंडी न ठेवता ठरावाच्या रूपात इतिवृत्तात लिहून घ्यावी, आणि पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्त वाचले जाते तेव्हा त्या ठरावाचे काय झाले ते विचारावे.