मुलांना चिकाचा हलवा शिकवायचाय? एक जमलेला थाळा आधी तयार ठेवा

रोश हशाना, म्हणजे आपला, बेने इस्रायली ज्यूंचा, नव्याचा सण (आपलं नवीन वर्ष), यंदा ११ सप्टेंबर २०२६ ला शुक्रवारी संध्याकाळी लागतोय आणि मुलांचा चिकाच्या, म्हणजे भिजवलेल्या गव्हाच्या पांढऱ्या दुधाच्या, हलव्याचा क्लास मी त्याआधीच्या रविवारी, ६ तारखेला धरलाय. चार ते आठ वर्षांची मुलं, चौदा-पंधरा येतील. गेल्या वर्षी हाच क्लास माझ्या हातून फसला, म्हणून यावेळी सगळं आधी लिहून काढतेय, तुमच्यापैकी कुणी घरी किंवा सिनेगॉगच्या (आपल्या प्रार्थनास्थळाच्या) हॉलमध्ये करणार असेल तर घ्या. बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा: आदल्या दिवसांत शिजवून, गार करून, पूर्ण जमलेला हलव्याचा एक थाळा सोबत न्या. मी नेला नव्हता.

झालं काय, तर दहाला क्लास सुरू, हलवा घोटायला दोन तासांच्या वर गेले, थाळ्यात ओतला तेव्हा पावणेएक आणि एक वाजता आईबाप दारात. थाळ्यात नुसती गुलाबी गरम खळ. हलवा जमायला चार-पाच तास लागतात हे मला तीस वर्षं माहितीय, पण मुलांना घरी जायचं असतं हे डोक्यात आलं नाही. एका पाच वर्षांच्या मुलाने विचारलं, आंटी, पण हलवा कुठेय? त्याचे आजी-आजोबा इस्रायलमध्ये अश्दोदला असतात, घरी आता हलवा कुणी करत नाही, त्याने आयुष्यात हलव्याची वडी बघितली नव्हती आणि माझ्या क्लासमध्ये येऊनही न बघताच गेला. आपली बहुतेक मंडळी इस्रायलला गेली, इथे उरलेल्या मुलांना या गोष्टी दाखवायला फार थोडे हात आहेत, त्यामुळे ते मला लागलं, अजून लागतं.

असो. पातेली, ॲप्रन, टिश्यू, हात धुवायची सोय, ते तुम्हाला कळतंच.

गव्हापासून सुरू करा आणि लवकर करा. हल्ली पुष्कळजण कॉर्नफ्लोर नि चायना ग्रासवर हलवा करतात, सणाच्या गडबडीत मीही केलाय, पण मुलांना शिकवताना गहूच हवा कारण शिकायचं तेच आहे, की टणक दाण्यातून पांढरं दूध निघतं आणि त्याची मिठाई होते. कुरडईला काढतो तोच चीक, शेजारच्या काकू कुरडया घालत असतील तर त्यांना विचारा, त्या बरोबर सांगतील. गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं. आता मधे शनिवार येतो आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, आपण यातलं काही करणार नाही, म्हणून माझा हिशोब असा: सोमवारी ३१ ऑगस्टच्या रात्री एक किलो गहू भिजत घालायचा, गुरुवारी रात्री वाटून फडक्यातून पिळून चीक रात्रभर निवळत ठेवायचा, शुक्रवारी सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं. त्यातला अर्धा चीक शुक्रवारीच शिजवून थाळा घालायचा (हाच तो थाळा) आणि अर्धा, वर पाणी ठेवून, फ्रिजमध्ये, रविवारी मुलांसमोर घोटायला. शिवाय दोन वाट्या गहू गुरुवारी सकाळी वेगळा भिजवा, तो मुलांनी पिळायचा. तो चीक त्या दिवशी निवळणार नाही, नाही निवळू दे, काचेच्या बरणीत भरून ठेवा म्हणजे जाईपर्यंत वर पाणी आणि खाली पांढरा थर दिसायला लागतो, मुलं नाक लावून बघत बसतात. कोरडे दाणे, भिजून फुगलेले दाणे, पिळलेला चीक, निवळलेला चीक, अशा चार बरण्या ओळीने मांडा. आणि पाचवा? पाचवा थाळा. तो नसेल तर बरण्यांना काही अर्थ नाही, गोष्ट अर्धीच राहते.

भिजलेल्या गव्हाला आंबूस वास येतो, मुलं नाकं मुरडतात, आधीच सांगून ठेवा की येणारच. पिळायला मलमलचं फडकं छोटं फाडून प्रत्येकाला एक-एक द्या, एका मोठ्या फडक्यावर चार मुलं लावलीत तर भांडणं होतात.

नारळ. अर्ध्या किलो गव्हाला मी तीन घेते. १४ तारखेला गणपती आहेत, त्या आठवड्यात नारळाचे भाव कुठे जातात ते तुम्हाला माहिती आहे, म्हणून ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा, सोलू नका, शेंडी ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या पिळण्याचं दूध वेगळं काढायचं आणि दुसऱ्या दुधात पाणी बेताने घालायचं, गेल्या वर्षी मी सढळ हाताने घातलं आणि घोटायला तो जास्तीचा अर्धा तास त्यानेच खाल्ला. डब्यातलं दूध चालतं, पण एक नारळ तरी मुलांसमोर फोडा आणि खव पिळायला द्या. इथेच मुलांना सांगायचं की गाईचं दूध का नाही: तोरामध्ये, म्हणजे आपल्या धर्मग्रंथात, तीन ठिकाणी सांगितलंय की करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नका, म्हणून आपण मांसाबरोबर दूधदुभतं खात नाही, सणाच्या जेवणात मटण असतंच, मग गोड करायचं तर नारळाच्या दुधात. चार वर्षांच्या मुलालाही हे पटकन कळतं. आणि कृपा करून थाळ्याला तूप लावू नका! मदतीला येणारी एखादी आई हमखास तुपाची बरणी घेऊन येते, प्रेमाने आणते, तिला आदल्या दिवशी फोन करून सांगा. पातेलं, डाव, थाळा, काहीच दुधाच्या भांड्यांतलं नको.

साखर या प्रमाणाला पाऊण किलो, मीठ चिमूटभर, गुलाबी रंग अगदी थोडा, वेलची-जायफळ. बदाम, पिस्ते, चारोळी वरून. सुक्या मेव्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते प्रत्येक घरी विचारा, ग्रुपवर मेसेज टाकून सोडून देऊ नका, निम्मे लोक वाचत नाहीत. एक छोटा थाळा बिनमेव्याचा ठेवा.

आता घोटणं. मुलं यायच्या आधी, साडेनवालाच पातेलं गॅसवर चढवा. जाड बुडाचं पातेलं, लांब दांड्याचा लाकडी डाव, दोन मोठी माणसं आलटून पालटून, हात थांबला की तळाला लागलंच. चीक घट्ट व्हायला लागला की फुटफुट उडतो आणि साखरेचा चटका पाण्यापेक्षा वाईट, कातडीला चिकटून बसतो. गॅसपासून दोन मीटरवर जमिनीवर खडूने रेघ मारा, मुलं रेघेच्या पलीकडे, एकही अपवाद नाही, स्वतःच्या मुलालाही नाही. बघायला मिळावं म्हणून दर वीस मिनिटांनी वाटीत थोडं काढून, गार करून, चमच्यावरून पडतं कसं ते दाखवा. आधी धार, मग लोळा.

तेवढ्या वेळात मुलांचे हात रिकामे नकोत. भिजवलेल्या बदामाची सालं काढणं सगळ्यात आवडीचं, वेलची सोलणं मोठ्यांना. आणि गोष्ट सांगा. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, कोकणातल्या गावांत राहिले, तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. आपल्याकडे सांगत आले तशीच सांगा. मग विचारा तुमचं आडनाव कुठल्या गावावरून आलं, पेणकर, केहीमकर, नवगावकर, मुलं एकदम सरळ बसतात. अलिबागला जाऊन आलेलं एखादं असतंच, त्याला बोलू द्या.

थाळ्याचं परत सांगते, कारण मला माहितीय तुम्ही म्हणाल शनिवारी रात्री करू. मीही तेच म्हटलं होतं. शब्बाथ सुटल्यावर करू, अशी कितीशी मेहनत आहे. मग पाहुणे आले, अकरा वाजले, आणि वाटलं उद्या तर करणारच आहोत मुलांसमोर. शनिवारी रात्री होत नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आत थाळा ओतून, मेवा पेरून, गार होऊन फ्रिजमध्ये गेलेला पाहिजे, म्हणजे शुक्रवारी दुपारी बारापर्यंत गॅसवर चीक चढलेला पाहिजे. शनिवार नाही. शुक्रवार. आणि वड्या आधी पाडू नका, सुरी मुलांसमोर फिरवा, शंकरपाळ्याच्या आकाराची पहिली वडी सुटून येते तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी असतात.

मुलांचा ताजा हलवा ओतला की वर मेवा त्यांना पेरू द्या, लांबून, थाळा टेबलाच्या मधोमध. तो थाळा जमला की संध्याकाळी घरोघरी पोचवा, रिकामे डबे नावं लिहून आधीच मागवा.

सणाला खातो ते सफरचंद आणि मध, शेवटची दहा मिनिटं. डाळिंब ठेवा, ६१३ दाणे असतात म्हणतात, जितक्या तोरातल्या आज्ञा, मोजायला लागली तर मोजू दे. खजूर, भोपळा वगैरे घरचे बघतील. शोफार (सणाला वाजवायचं मेंढ्याचं शिंग) कुणी आणला तर छान, यंदा पहिला दिवस शनिवारचा, शब्बाथचा, म्हणून त्या दिवशी वाजणार नाही, मग क्लासमध्येच ऐकू दे.

साफसफाई, चाव्या, कचरा, नेहमीचं.

रविवारी सकाळी घरातून निघताना फ्रिज उघडा. मी दारावर आत्ताच चिठ्ठी लावलीय, मोठ्या अक्षरात, थाळा.