सॉनिक हेजहॉगची अँटीबॉडी टिकवायची असेल तर

सॉनिक हेजहॉग हे एक प्रथिन; ते ओळखणारी रॅबिट पॉलिक्लोनल अँटीबॉडी (सशात तयार झालेल्या अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) वारंवार वितळवून गोठवली की वेस्टर्न ब्लॉटवरचा (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) १९ किलोडाल्टनचा एन-टर्मिनल बँड, म्हणजे प्रथिनाच्या सुरुवातीच्या तुकड्याचा पट्टा, फिका पडत जातो. म्हणून कुपी आली त्याच दिवशी:

१. उघडण्याआधी काही सेकंद सेंट्रिफ्यूज करा, झाकणातले थेंब खाली येतात.
२. बर्फावर ठेवून १० मायक्रोलिटरचे भाग करा. त्याहून लहान भागात बाष्पीभवनाने आणि नळीला चिकटून बरंच वाया जातं.
३. प्रत्येक नळीवर लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) लिहाच. पॉलिक्लोनलचा लॉट बदलला की डायल्यूशन (अँटीबॉडी किती पातळ करायची ते) नव्याने ठरवावं लागतं, आणि नेमकं हेच विसरलं जातं.
४. उणे २० अंशांना ठेवा. फ्रॉस्ट-फ्री (साचलेला बर्फ आपोआप वितळवणारा) फ्रीजर नको.

बफरमध्ये ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २०ला अँटीबॉडी गोठतच नाही; भाग केले नाहीत तरी चालतं. मात्र ती कुपी उणे ८०ला ठेवू नका, तिथे ती गोठते.