ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड घेताय? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात महागात पडणाऱ्या या चुका टाळा

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेला पीसी डिसेंबरात ठणठणीत चालतो. मार्च सरता सरता तोच पीसी व्हिडिओ रेंडर करताना दहा मिनिटांत मंदावतो, एप्रिलमध्ये मधेच रीस्टार्ट होतो. मग कूलर बदलला जातो, थर्मल पेस्ट नव्याने लावली जाते, रॅम काढून पुसली जाते. प्रोसेसरचं तापमान बघावं तर ८० अंशांच्या आतच. तापलेला असतो तो बोर्डावरचा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला हव्या त्या व्होल्टेजची वीज पुरवणारा भाग, आणि तिकडे कुणी बघितलेलंच नसतं.

रॅम, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर पुढेमागे बदलता येतात. व्हीआरएम बदलता येत नाही. म्हणून बोर्ड घेताना दोनच गोष्टींवर सगळ्यात जास्त वेळ घालवा: व्हीआरएम किती करंट सोसतो आणि बायोस (बोर्डात बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर) पुढच्या किती प्रोसेसरना ओळखतो. आरजीबीचे रंगीत दिवे, चकचकीत कव्हर, डब्यावरचं ‘गेमिंग’ हे सगळं त्यानंतर.

चिपसेट न बघता बोर्ड उचलणं

इंटेलमध्ये मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) वाढवायचा तर दोन्ही गोष्टी लागतात: नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेतला चिपसेट (बोर्डावर काय काय करता येईल हे ठरवणारी चिप), म्हणजे झेड ६९०, झेड ७९० किंवा झेड ८९०. बी ७६० बोर्डावर १४६०० के बसतो, चालतोही छान, पण मल्टिप्लायर वाढत नाही. ‘के’साठी मोजलेले जादा पैसे तिथेच अडकतात. बी ७६० वर निदान रॅमचा वेग वाढवता येतो, एच ६१० वर तोही नाही.

एएमडीकडे एएम ५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) बी ६५०, बी ८५०, एक्स ६७०, एक्स ८७० हे चिपसेट ओव्हरक्लॉकिंगला मोकळे आहेत. ए ६२० आणि बी ८४० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी ८४० नावावरून बी ८५० चा धाकटा भाऊ वाटतो, तिथेच फसगत होते.

फेज मोजणं, उष्णता न मोजणं

डब्यावर ‘१२+२ फेज’ (फेज म्हणजे करंट आपसात वाटून घेणाऱ्या व्हीआरएमच्या शाखा) लिहिलेलं असतं आणि आकडा मोठा दिसला की बोर्ड चांगला, असं धरलं जातं. आधी साधा हिशोब करा. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर २०० वॅट घेतोय आणि त्याला १.२५ व्होल्ट मिळतायत, तर व्हीआरएममधून १६० अँपिअर वाहतात. चार फेज असतील तर प्रत्येकावर ४० अँपिअर, आठ असतील तर २०. वहनातला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे करंट दुप्पट झाला की त्या एका फेजमधली ही उष्णता चौपट. बोर्डाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी वीसेक वॅट सॉकेटशेजारच्या बोटभर जागेत उष्णता होऊन बसतात.

आता ही उष्णता कुठे जाणार? बहुतेक रिव्ह्यू एसी खोलीत, २१ ते २५ अंशांत केलेले असतात. परभणी, नांदेडकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर दुपारी बसवत नाही. खोलीचं तापमान जितकं वाढतं, तितकंच साधारण व्हीआरएमचंही वाढतं. रिव्ह्यूमध्ये २२ अंशांच्या खोलीत ८५ दिसलेला व्हीआरएम आपल्या ४० अंशांच्या खोलीत शंभरी ओलांडतो. व्हीआरएममधले मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, साधारण १२५ अंशांपर्यंत तग धरतात, पण बोर्ड त्याच्या आधीच स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग पाडतो. तुम्हाला दिसतो तो ‘हँग’.

म्हणून दुकानात बोर्ड हातात घेऊन बघा. सॉकेटच्या डावीकडे आणि वर हीटसिंक आहे का? कमी किमतीच्या कित्येक बोर्डांवर वरच्या ओळीतले मॉसफेट उघडेच असतात. हीटसिंक स्क्रूने घट्ट आहे की प्लॅस्टिकच्या पिनांवर? वरचं कव्हर ॲल्युमिनियमचं आहे की नुसतं प्लॅस्टिक, हे नखाने टिचकी मारली की आवाजावरून कळतं. डब्यावरचा फेजचा आकडा डबलर (एका फेजचा सिग्नल दोन ठिकाणी वाटणारी चिप) लावून वाढवलेलाही असतो, त्यामुळे संख्येपेक्षा एका पॉवर स्टेजला (मॉसफेट असलेल्या एका चिपला) किती अँपिअर झेपतात ते विचारा. २०० वॅटच्या पुढे जायचं असेल, तर आपल्या हवेत ६० अँपिअरच्या किमान १२ स्टेज आणि जाड, खाचा असलेला हीटसिंक धरा. ६५ वॅटच्या रायझनला, जो प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत घेतो, एवढा खर्च करू नका.

बोर्ड घरी आला की सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवा आणि शेजारी एचडब्ल्यू इन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीआरएमचा सेन्सर उघडा. ही चाचणी दुपारी दोन वाजता करा, रात्री नको. ९५ च्या आत राहिलं तर उन्हाळ्याची चिंता मिटली.

एक चूक हमखास होते: भारी लिक्विड कूलर लावतात. प्रोसेसर थंड होतो, पण टॉवर कूलरच्या फॅनची जी हवा जाता जाता व्हीआरएमवरून जायची, ती बंद होते. लिक्विड कूलर लावलात तर कॅबिनेटच्या मागे आणि वर फॅन हवेतच. आणि पीसी डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नका. ओलसर हवेत धूळ आणि कापसाचे तंतू हीटसिंकच्या खाचांत चिकटून बसतात, ब्लोअरनेही निघत नाहीत.

‘सॉकेट सेमच आहे दादा, बसतंय की’

बसणं आणि चालणं यात फरक आहे. इंटेलचं एलजीए ११५१ सॉकेट सहाव्या पिढीपासून नवव्या पिढीपर्यंत होतं, पण झेड २७० वर आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. त्यासाठी २०१७ मध्ये झेड ३७० आला. एलजीए १२०० वर मूळ एच ४१० आणि बी ४६० बोर्ड अकराव्या पिढीला घेत नाहीत. म्हणून कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी उघडा. प्रोसेसरच्या नावासमोर बायोसची आवृत्ती लिहिलेली असते, ती टिपून ठेवा. बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेला रिव्हिजन नंबरही जुळवा; एकाच नावाच्या दोन रिव्हिजनचे बायोस वेगळे असू शकतात.

पुढे अपग्रेड करायचंच असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: आज नव्याने एलजीए १७०० घेऊ नका. त्यावर १२, १३ आणि १४ या पिढ्या झाल्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेल एलजीए १८५१ वर गेलं. एएम ५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देऊ, असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. एएम ४ ने तर पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत साथ दिली.

बायोस अपडेट करताना लाइटचा भरवसा धरणं

बायोस लिहिला जात असताना लाइट गेली की बोर्ड मेला. म्हणून फ्लॅशबॅक बटण (पेन ड्राइव्हवरून थेट बायोस लिहिणारं) असलेलाच बोर्ड घ्या. मधे खंड पडला तरी बहुतेक वेळा त्याने पुन्हा लिहिता येतं, आणि प्रोसेसर, रॅम न बसवताही अपडेट होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवलेल्या बी ६५० मध्ये जुना बायोस असेल, तर रायझन ९००० लावल्यावर पडदा काळाच राहतो. जुना प्रोसेसर उसना आणण्यापेक्षा हे बटण कधीही बरं.

३२ जीबी किंवा त्याहून लहान पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा. झिप उघडून आतली फाइल टाका आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव तिला अक्षरन् अक्षर द्या. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. २४ पिन आणि सीपीयूची ८ पिन केबल जोडा, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) चालू करा, पीसी बंदच ठेवा. खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावून फ्लॅशबॅकचा दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरा. लुकलुक थांबेपर्यंत हात लावू नका. हे सगळं यूपीएसवर करा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.

उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर खड्ड्यात पाणी सोडा आणि इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घ्या. बोर्डाला दोष देण्याआधी हे करा.

‘ऑटो’वर व्होल्टेज सोडणं

२०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं व्होल्टेज, जास्त देत होते. त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. म्हणून बोर्ड नवा असो की जुना, आधी बायोस, मग एक्स्पो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतही जादा व्होल्टेजने प्रोसेसर कायमचे बिघडले. सप्टेंबर २०२४ चा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) असलेला बायोस पुढचं नुकसान रोखतो, झालेलं भरून काढत नाही. सेकंडहँड घेताना हे ध्यानात असू द्या.

रॅमच्या दोनच काड्या घ्या, सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. रायझन ७००० ला दोन काड्यांवर रॅमचा अधिकृत वेग ५२०० एमटी/सेकंद आहे, चार लावल्या की ३६००.

नवा प्रोसेसर बसवला आणि डिस्प्ले नाही

पहिल्या बूटला डीडीआर ५ चं मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ती प्रक्रिया) कित्येक मिनिटं चालतं. दहा मिनिटं थांबा, मधे बटण दाबू नका. मग बोर्डावरचे डीबग लाइट (कुठला भाग अडलाय ते दाखवणारे छोटे दिवे) बघा. सीपीयूचा लाइट पेटून राहिला तर ८ पिन केबल आणि बायोसची आवृत्ती तपासा. डीरॅमचा, म्हणजे रॅमचा पेटला तर एकच काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही, केबल ग्राफिक्स कार्डला जोडा. ओव्हरक्लॉकनंतर अडकलं असेल तर प्लग काढून सीआर २०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा.

तरीही काही नाही, तर प्रोसेसर उचला आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून सॉकेटच्या पिना बघा. सगळ्या पिना एका रांगेत सारख्या चमकायला हव्यात. वाकलेली पीन वेगळीच चमकते. तिला सुईने सरळ करत बसू नका. सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण बिलासोबत जपून ठेवलेलं असू द्या, वॉरंटीत बोर्ड पाठवताना ते बसवलेलं नसेल तर सर्व्हिस सेंटर बोर्ड परत करू शकतं.