मराठवाड्यात राहून पर्यावरण क्षेत्रातली नोकरी कशी शोधावी

'सस्टेनेबिलिटी मॅनेजर' ही जाहिरात पुण्या-मुंबईत दिसते. जालना-परभणीत तीच शोधत बसलात तर वर्ष निघून जाईल. आपल्याकडे हे काम पाणी, वीज आणि कारखाना या तीन खात्यांत विखुरलेलं आहे.

१. आधी खातं ठरवा

पाण्याचं काम सगळ्यांत जास्त, आणि का ते सांगायला नको. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाणलोट, ठिबक, भूजल, पीकबदल ही कामं स्वयंसेवी संस्था करतात, शिवाय बदलत्या हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी जागतिक बँकेच्या साहाय्यानं चालणारा राज्य सरकारचा पोकरा प्रकल्पही. कृषी, सिव्हिल, भूगर्भशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्यांनी इथे बघावं.

वीज म्हणजे मुख्यतः सोलर. पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरच्या ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे एजन्सींना छताची पाहणी, जोडणी आणि महावितरणकडची कागदपत्रं करणारी माणसं लागतात. आयटीआय इलेक्ट्रिशियनला हा सर्वांत जवळचा रस्ता.

कारखान्यांत हे काम ईएचएस, म्हणजे पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा विभागाकडे असतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. मोठी कंपनी मग वाळूज-शेंद्र्यातल्या पुरवठादारालाही वीज, पाणी, कचऱ्याचे आकडे मागू शकते. हे आकडे नीट ठेवणारा माणूस लहान कारखान्यात सहसा नसतो. इंजिनिअर असाल तर बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा बघा. अनुभवाची अट आधी वाचून घ्या.

२. दाखवायला एक काम तयार करा

ऑनलाइन प्रमाणपत्रांची चळत कुणी बघत नाही, असं माझं मत. त्यापेक्षा आपल्याच गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडा. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. १,००० हेक्टरच्या शिवारात ७०० मिलिमीटर पडला तर ७० लाख घनमीटर. यातलं वाहून किती जातं, मुरतं किती, ऊस किती एकर, सोयाबीन-तूर किती, माणसं-जनावरांना किती लागतं, हे तलाठी आणि कृषी सहायकांकडून आकडे घेऊन लिहा. उन्हाळ्यात विहिरींची पातळी मोजा. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात नकाशा काढा. चार पानं पुरेत. मुलाखतीत ऊस कमी करायला गाव का तयार नाही, हे विचारलं जाईलच. त्याचं उत्तर पुस्तकात नाही, ते पारावर बसूनच कळतं.

सोलरवाल्यांनी तसंच एखाद्या घराचं वीजबिल घेऊन संचाचा हिशेब करावा.

३. जाहिरातीची वाट बघू नका

कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. त्यांच्या वार्षिक अहवालात सीएसआरची माहिती असते. काही अहवालांत जिल्हा आणि काम करणाऱ्या संस्थेचं नावही सापडतं. बीड, धाराशिव, लातूर शोधा, संस्थांची यादी करा आणि थेट बायोडाटा पाठवा. बायोडाट्याला तो ताळेबंद जोडा. लिंक्डइनवर शोधताना 'वॉटरशेड', 'क्लायमेट', 'ईएचएस', 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर' असे शब्द टाका.

४. होकार देण्याआधी विचारा

प्रकल्प कधी संपतो? यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, निधी संपला की जागा संपली. पेट्रोल कोण देणार? गावोगाव फिरायचं तर पगारातला मोठा वाटा दुचाकीच खाते. पीएफ कापतात का? नेमणूकपत्र मिळणार का? आणि कुणी 'ट्रेनिंग फी' किंवा डिपॉझिट मागितलं, तर नमस्कार करून उठा.