एका मक्समध्ये किती चॅनेल मावतात? कागदावर हिशेब कसा करायचा

मागच्या गणपतीनंतर सांगलीहून मामेभावाचा फोन आला. त्याचं केबलचं छोटं हेडएंड (चॅनेल गोळा करून तारेवरून घराघरांत पाठवायची जागा) आहे आणि स्वतःचं एक लोकल चॅनेल. विसर्जन मिरवणूक लाइव्ह दाखवताना गुलाल उधळला की चित्राचे नुसते चौकोन होतात, लोक फोन करून बोलतात, काय करू, म्हणाला. मी विचारलं, एका स्ट्रीममध्ये, म्हणजे एकत्र पाठवायच्या एका गठ्ठ्यात, किती चॅनेल घातलीयस? "बारा. मावतात की, ताई."

हे "मावतात" मी लंडनमध्ये फार ऐकलं. १९९९ साली मी तिथल्या एका कंपनीच्या मल्टिप्लेक्स रूममध्ये, म्हणजे अनेक चॅनेल एका सिग्नलमध्ये बांधायच्या खोलीत, शिफ्टला लागले. ब्रिटनमध्ये छतावरच्या अँटेनावर येणारं डिजिटल टीव्ही १५ नोव्हेंबर १९९८ला सुरू झालं. सगळ्या देशासाठी असे सहा गठ्ठे, म्हणजे मल्टिप्लेक्स, आमच्या बोलण्यात 'मक्स'. त्यातल्या तिनांवर कार्लटन आणि ग्रॅनडा या टीव्ही कंपन्यांच्या ऑनडिजिटलची पैसे भरून बघायची चॅनेल. शेजारी सॅटेलाइटवर शंभरावर चॅनेल दिसत होती, त्यामुळे इथेही आणखी एक घाला, अजून एक घाला, असं चालायचं. तो काळ मी जवळून बघितला, म्हणून हिशेब त्याच उदाहरणावर मांडते. रीत केबललाही तीच लागू पडते.

आधी नळीचं माप काढा

चॅनेलची यादी बाजूला ठेवा आणि नळीतून सेकंदाला किती बिट जातात ते काढा. ब्रिटनमध्ये एका मक्सला ८ मेगाहर्ट्झची पट्टी होती. त्या वेळच्या '२-के' पद्धतीत या पट्टीत १७०५ बारीक कॅरियर (वाहक लहरी) असत. त्यातले १५१२ खरा डेटा नेत, बाकीचे रिसिव्हरला वाट दाखवायला. एक सिम्बॉल, म्हणजे सगळ्या कॅरियरवर एकदम जाणारा डेटाचा एक तुकडा, २२४ मायक्रोसेकंदांचा आणि त्यापुढे ७ मायक्रोसेकंदांची मोकळी जागा, म्हणजे एकूण २३१. सेकंदाला साधारण ४३२९ सिम्बॉल झाले.

आता ६४ क्वाम (कॅरियरवर बिट बसवायची एक पद्धत) घेतलं तर प्रत्येक कॅरियरवर ६ बिट बसतात. १५१२ गुणिले ६, म्हणजे ९०७२. चुका दुरुस्त करण्यासाठी यातला तिसरा हिस्सा खर्ची पडतो, म्हणून दोन तृतीयांश धरा: ६०४८. त्यावर दुरुस्तीचा आणखी एक थर असतो, २०४ बाइटमागे १८८ कामाचे. उरले सुमारे ५५७४. याला ४३२९ने गुणा. उत्तर येतं २४.१३ मेगाबिट (एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट).

१६ क्वाम घेतलं तर कॅरियरमागे ४ बिट. चुका दुरुस्तीचा खर्च चौथाच हिस्सा, म्हणजे तीन चतुर्थांश कामाचे ठेवले तर त्याच रीतीने उत्तर १८.१० मेगाबिट येतं. दोन्ही आकडे स्वतः करून बघा. मी रूममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाकडून हे हाताने करून घ्यायचे. एकदा हाताने केलं की नळी ताणत नाही हे पटतं.

मग सगळ्यात कमजोर घर धरा

मोठा आकडा दिसतोय तर तोच घ्यावा असं कुणालाही वाटेल. १९९८मध्ये तसंच केलं, सगळे मक्स ६४ क्वामवर. अडचण घराघरांत आली. ॲनालॉग प्रक्षेपण तेव्हा चालूच होतं. त्याला धक्का लागू नये म्हणून डिजिटलची पॉवर खूप कमी ठेवली होती. ॲनालॉगची केंद्रं अकराशेच्या वर, डिजिटलची ऐंशीच्या आसपास.

आमचं घर लंडनच्या हॅरो भागात, पहिल्या मजल्यावर. अँटेना जुनी, केबल त्याहून जुनी. फ्रिजचा थर्मोस्टॅट 'टक्' करून बंद झाला की टीव्हीवरचं चित्र गोठायचं आणि आवाज तुटायचा. खाली मोटरसायकल सुरू झाली तरी तेच. माझ्या शेजारच्या गुजराती बा तर बातम्या बघताना फ्रिजचा प्लग काढून ठेवायच्या. नऊ वाजले की स्वयंपाकघरात जाऊन प्लग काढायचा आणि बातम्या संपल्या की परत लावायचा. मी दिवसभर मॉनिटरवर चकचकीत चित्र बघून घरी यायचे आणि दारातून त्यांचा तो उद्योग बघायचे. मला फार वाईट वाटायचं, कारण आमच्या कागदावर बांच्या घराचा रकानाच नव्हता.

६४ क्वामच्या त्या मांडणीला नीट चालायला साधारण १७ डेसिबल स्वच्छ सिग्नल लागतो आणि १६ क्वामला १३. चारच डेसिबलचा फरक, पण पॉवरच्या भाषेत तो अडीच पट होतो. ऑनडिजिटलचं पुढे आयटीव्ही डिजिटल झालं आणि २००२च्या वसंतात ते कोसळलं. ३० ऑक्टोबर २००२ला त्या जागी फ्रीव्ह्यू ही फुकट बघायची सेवा आली. तेव्हा सहापैकी चार मक्स १६ क्वामवर उतरवले. प्रत्येकाचे ६ मेगाबिट गेले. चार मक्सचे मिळून २४, म्हणजे बरोबर एक अख्खा मक्स. देशाने सहापैकी एका मक्सइतकी जागा सोडून दिली आणि त्या बदल्यात घराघरांत टिकणारं चित्र मिळवलं. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो.

म्हणून तुमच्या जाळ्यातलं शेवटचं घर शोधा. केबलवाले असाल तर शेवटच्या ॲम्प्लिफायरच्या पलीकडचं, तिसऱ्या स्प्लिटरवरचं. तिथे मीटर लावा आणि त्या आकड्यावरून ६४ क्वाम की १६ ते ठरवा.

चित्राआधी बाकीची वजाबाकी

फ्रीव्ह्यूच्या सुरुवातीचा बीबीसीचा मक्स १ घेऊ. नळी १८.१. त्यात बीबीसी वन, बीबीसी टू, न्यूज ट्वेंटीफोर आणि दोन चॅनेलनी वेळ वाटून घेतलेली एक जागा, म्हणजे चित्राची चार चॅनेल. आवाजाला प्रत्येकी पाव मेगाबिट धरा, एक मेगाबिट गेला. कार्यक्रमांची यादी, सबटायटल, लाल बटणामागचा मजकूर, रिसिव्हरला लागणारे तक्ते यांना मी दीड धरते. उरले साडेपंधरा. चारांत वाटले तर प्रत्येकी ३.९.

नवे लोक इथेच चुकतात. आवाज आणि तक्ते शेवटी "कुठेतरी बसवू" म्हणतात. तक्ते कापले की रिसिव्हरला चॅनेल सापडायला वेळ लागतो आणि प्रेक्षकाला वाटतं, बॉक्स बिघडला.

सरासरी सोडा, सगळ्यात वाईट क्षण लिहा

प्रत्येक चॅनेलपुढे ते काय दाखवतं ते लिहू नका, त्यावर येणारा सगळ्यात अवघड क्षण लिहा. एमपीईजी-२ एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारं यंत्र, आधीच्या फ्रेममधलं जे हललं नाही ते पुन्हा पाठवत नाही, त्यातच त्याची बचत. बातम्या वाचणारी बाई तीन मेगाबिटांत छान दिसते. वाऱ्याने हलणारं गवत, पाण्याचा फवारा, कॅमेऱ्यांचे फ्लॅश, यात आधीचं काही उपयोगी पडत नाही. तिथे साडेपाच-सहा लागतात.

हे मी चुकून शिकले. एका रविवारी पाच चॅनेलना सारखा वाटा देऊन मी शिफ्ट संपवली. दुपारी एकावर घोड्यांची शर्यत होती. कॅमेरा घोड्यांबरोबर पळायला लागला तसं मागचं कुंपण आणि गवत हिरव्या ठोकळ्यांचं झालं. त्याच वेळी शेजारच्या चॅनेलवर एक माणूस स्थिर टेबलामागे बसून बोलत होता आणि त्याच्या वाट्याचे निम्मे बिट रिकाम्या पॅकेटांत वाहून जात होते.

याला उपाय म्हणजे स्टॅटमक्स. सगळे एन्कोडर एकाच साठ्यातून, ज्याला ज्या क्षणी जेवढी गरज तेवढे बिट उचलतात. तुमच्याकडे असेल तर जरूर वापरा, पण दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येक चॅनेलला किमान मर्यादा घाला, नाहीतर गरीब चॅनेल उपाशी राहतं. आणि एकाच साठ्यात सगळी खेळांची चॅनेल ठेवू नका. सगळ्यांची भूक एकाच वेळी वाढली तर साठा कुणालाच पुरत नाही. खेळ, बातम्या, मुलांची कार्टून असं मिसळा.

तरीही बसत नसेल तर

पहिला पर्याय वेळ वाटून घेण्याचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात प्रामाणिक. सीबीबीज हे लहान मुलांचं चॅनेल संध्याकाळी सातपर्यंत, त्यानंतर त्याच बिटांवर बीबीसी फोर. सीबीबीसी आणि बीबीसी थ्री यांचंही तसंच. आमच्या घरी सातला सीबीबीज बंद झालं की लेक न सांगता उठायची. ती वेळ तिच्या अंगवळणी पडली होती. कुणाचंच चित्र खराब न करता एका जागेत दोन चॅनेल राहिली. तुमच्याकडे सकाळचं भजनाचं आणि रात्रीचं सिनेमाचं चॅनेल असेल तर त्यांना वेगवेगळी जागा कशाला?

दुसरा पर्याय चित्र बारीक करण्याचा. ७२० ऐवजी ५४४ पिक्सेल रुंदी घेतली की पाव काम कमी होतं. लहान पडद्यावर फारसं जाणवत नाही, मोठ्या पडद्यावर अक्षरांच्या कडा मऊ दिसतात. ठोकळ्यांपेक्षा मऊपणा मी कधीही पत्करीन.

तिसरा पर्याय चित्र छोट्या चौकटीत दाखवण्याचा, तो बीबीसी पार्लमेंट या संसदेच्या चॅनेलवर वापरला गेला. आधी या सेवेवर नुसता आवाज होता. फ्रीव्ह्यू आलं तेव्हा चित्र मिळालं, पण पडद्याच्या एक चतुर्थांश भागात. संसदेतली भाषणं एवढ्याशा चौकटीत! लोकांनी तक्रारी केल्या आणि नोव्हेंबर २००६मध्ये ते पूर्ण पडद्यावर आलं. चार वर्षं लागली. चित्र लहान करायचंच असेल तर किती महिने ते आधी लिहून ठेवा, नाहीतर ती तात्पुरती सोय तशीच राहते.

ब्रिटनची कोंडी खऱ्या अर्थाने फुटली ती ॲनालॉग बंद झाल्यावर. ते काम २००७मध्ये व्हाइटहेवनपासून सुरू झालं आणि ऑक्टोबर २०१२मध्ये उत्तर आयर्लंडला संपलं. पॉवर वाढली, मक्स पुन्हा ६४ क्वामवर गेले, आणि एचडीसाठी डीव्हीबी-टी२ ही प्रक्षेपणाची नवी पद्धत वापरून त्याच ८ मेगाहर्ट्झमध्ये ४० मेगाबिट बसू लागले.

आता मामेभावाचा कागद

केबलमध्ये तार असल्यामुळे हवेपेक्षा सोपं. सेकंदाला ६८.७५ लाख सिम्बॉल, गुणिले ६ (६४ क्वामचे बिट), गुणिले १८८, भागिले २०४. उत्तर ३८ मेगाबिट. बारा चॅनेलचा आवाज प्रत्येकी ०.१९२ने सव्वादोनच्या थोडा वर, तक्ते आणि थोडी मोकळी जागा मिळून ०.७. उरले ३५. त्याने बारांत सारखे वाटले होते, प्रत्येकी २.९. गुलालाला २.९ कसे पुरणार? उडणारा गुलाल म्हणजे एन्कोडरच्या दृष्टीने प्रत्येक फ्रेमला नवीन कण, वर ढोलपथक आणि फिरते हॅलोजन.

त्याला म्हटलं, आधी चाचणी कर. गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचं कॅमेऱ्याच्या कार्डावरचं मूळ फुटेज घे. मोबाइलवर फिरलेली क्लिप नको, ती आधीच पिळलेली असते. त्यातली गुलालाची सर्वांत दाट चाळीस सेकंदं काढ, ती एन्कोडरला गोल गोल फिरव आणि बिट अर्ध्या-अर्ध्या मेगाबिटने वाढवत जा. हेडएंडच्या छोट्या मॉनिटरवर बघू नकोस, गावाच्या टोकाला ज्या घरातून सगळ्यात जास्त फोन येतात त्या घरातल्या टीव्हीवर बघ.

तोवर मी बाकीची यादी मागवली. एक चॅनेल नुसतं विठ्ठलाच्या फोटोवर अभंग लावणारं. दुसऱ्यावर दिवसभर सरकत्या जाहिराती. दोघांना दीड-दीड भरपूर झाले. पस्तिसातून ते तीन गेले. लोकल चॅनेलला सहा ठेवले तर उरलेल्या नऊ चॅनेलना २६, म्हणजे प्रत्येकी २.९ जवळजवळ तसेच राहतात. त्यातलं सिनेमाचं एक चॅनेल त्याने दुसऱ्या स्ट्रीममध्ये हलवलं, तर आठांना सव्वातीन.

रात्री त्याचा फोन आला, त्या टोकाच्या घरातूनच. चारवर ठोकळे होते. पाचवर कडा फुटत होत्या. साडेपाचवर गुलाल गुलालासारखा दिसला, पण ढोल वाजवणाऱ्यांचे हात पुसट. सहावर ढोलाच्या दोऱ्या एकेक सुट्या दिसतात म्हणाला. घरातल्या आजींनी त्यात नातवाला ओळखलं.

"सहावर ठेव," मी म्हटलं, "आणि हा आकडा भिंतीवर लिहून ठेव."