दर्शनबारीत पाय का भरून येतात, आणि ते कसे जपावेत

माझी आत्या आळंदीहून पंढरपूरला पायी गेली. सुमारे २५० किलोमीटर. वाटेत फोन केला की म्हणायची, "पायांचं काही नाही रे, माउली चालवून घेते." तीच आत्या पदस्पर्श दर्शनाच्या बारीत सात तास ताटकळली आणि संध्याकाळी तिला चार पायऱ्या चढवेनात. जोडवी बोटांत रुतली होती. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. वयामुळे झालं, असं सगळे म्हणाले. पण वय तर वाटेतही तेवढंच होतं.

खरं कारण पोटरीत आहे. आपण उभे राहिलो की अर्धा लिटरच्या आसपास रक्त पायांकडे उतरतं. ते वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की ते आवळतात, शिरा पिळल्या जातात आणि शिरांमधल्या झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत. स्थिर उभं असताना घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत असतो. चालू लागलं की काही पावलांतच तो ३०च्या जवळपास येतो. बारीत हा पंप बंद पडतो. रक्त साचतं, त्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं आणि पाय जड होतात. शिवाय तोल सांभाळायला पाठीचे नि पायांचे स्नायू सारखे थोडे थोडे आवळलेले राहतात, त्यांना सुटी मिळत नाही.

मग बारी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा? तेव्हाही सुख नाही. आपली नेहमीची चाल, तासाला चार-पाच किलोमीटरची, झोपाळ्यासारखी असते: एका पावलाचा झोका पुढच्या पावलाला मिळतो. सावकाश सरकताना दर वेळी झोपाळा थांबवून पुन्हा ढकलावा लागतो, आणि प्रत्येक पायावर भारही जास्त वेळ राहतो.

आता काय करायचं ते सांगतो.

१. बारीला लागण्याआधी खा आणि प्या. लघवीला जावं लागेल म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. त्यात एकादशीचा उपास. भोवळ येण्याची ही हमखास तयारी. केळं, राजगिऱ्याचा लाडू, सरबत चालतं ना उपासाला? मग घ्या. पाणी घोट घोट पीत राहा. गोळ्या चालू असतील तर त्या वेळेवर घ्या, आणि मधुमेह असेल तर उपासाचं आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

२. टाचा उचला. सगळ्यात महत्त्वाचं हेच. दर पाच-दहा मिनिटांनी चवड्यांवर उभं राहून सावकाश खाली या, असं पंधरा-वीस वेळा. कठड्याला हात लावा, तोल जाणार नाही. तुमचा पंप तुम्ही हाताने सुरू करताय असं समजा.

३. गुडघे मागे ताणून कडक करू नका, किंचित सैल ठेवा. भार या पायावरून त्या पायावर घेत राहा. एक पाय कठड्याच्या खालच्या दांडीवर किंवा पायरीवर टेकवता आला तर कंबर लगेच सुटते. थोड्या वेळाने पाय बदला.

४. तसू तसू सरकू नका. पुढे चार-सहा पावलांची जागा होऊ द्या आणि मग नेहमीच्या चालीने चाला. मागचे कुरकुरतील, त्यांना प्रेमाने सांगा, "माउली, पाय मोकळे करतेय." बहुतेक जण ऐकतात.

५. बारी थांबली की बसा. यात कसली लाज? उठताना मात्र सावकाश. पिशवी एकाच खांद्याला नको, दोन्ही खांद्यांवर अडकवा.

डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, तर "होईल ठीक" म्हणत उभं राहू नका. पायावर पाय घेऊन मांड्या घट्ट आवळा आणि लगेच खाली बसा. जागा असेल तर आडवं होऊन पाय वर करा. शेजारच्याला सांगा, सेवेकऱ्यांना हाक मारा.

मुक्कामी पोचल्यावर लगेच अंग टाकावंसं वाटतं, पण आधी दहा मिनिटं मोकळं चाला. मग पाठीवर पडून पाय भिंतीला उभे लावा, पंधरा मिनिटं. तेल चोळायचं तर घोट्याकडून गुडघ्याकडे, वरच्या दिशेने.

दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर रात्रीत सूज बहुधा उतरते. पण एकच पाय सुजला, पोटरी गरम लागली, दुखली, तर ती चोळू नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा.