म्हाडाची जाहिरात येण्याआधीच कामाला लागा

म्हाडाची, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण संस्थेची, घरांची जाहिरात आली की कागदपत्रं गोळा करू, असं मनात असेल तर ते आजच काढून टाका. 2023 साली मी हेच म्हणत बसले होते. म्हाडाच्या मुंबई मंडळाची 4,082 घरांची सोडत, म्हणजे लॉटरी, होती. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं घर मिळालं तर मुलीची शाळाही बदलावी लागणार नव्हती. अर्जासोबत भरायच्या अनामत रकमेचे पैसे बाजूला काढलेले होते, आणि एका कागदापायी माझा अर्ज भरलाच गेला नाही. तो कागद म्हणजे अधिवास प्रमाणपत्र, महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा दाखला, ज्याला आपण सगळे डोमिसाईल म्हणतो. बाकीचं तुम्हाला कुणीही सांगेल, मी हे लिहितेय ते मुख्यतः डोमिसाईलसाठी.

माझ्याकडे डोमिसाईल नव्हतं असं नाही. 2006 साली कॉलेजच्या ॲडमिशनला काढलेलं होतं. वडिलांनी ते लॅमिनेट करून दिलं होतं. खाली गोल शिक्का, निळ्या शाईतली सही, आणि नाव माहेरचं. कपाटातल्या फायलीत ते सगळ्यात वर असायचं, त्यामुळे ‘डोमिसाईल आहे’ म्हणून मी त्यापुढे टिकमार्क करून मोकळी झाले. डोमिसाईल एकदा काढलं की जन्मभर चालतं, हेच डोक्यात होतं. म्हाडाला चालतं ते जानेवारी 2018 नंतर दिलेलं आणि बारकोड असलेलं. माझ्या कागदावर बारकोड नव्हता, तारीख जुनी होती आणि नाव आधारकार्डाशी जुळत नव्हतं. एकाच कागदात तिन्ही अडचणी.

हे इतकं का ताणतेय, तर पूर्वीची पद्धत आता राहिलेली नाही. आमच्या शेजारच्या काकांना घर लागलं तेव्हा आधी नंबर लागायचा आणि मग कागद घेऊन वांद्र्याला कलानगरच्या कार्यालयात खेटे घालायचे. कागद कमी पडला तरी धावपळ करून आणायला थोडा वेळ मिळायचा. 2023 पासून सगळं ऑनलाइन झालं, आणि कागद सोडतीच्या आधी तपासले जातात. पात्र ठरलात तरच घर निवडून पैसे भरायचे. कागद अडला की पुढचं पानच उघडत नाही. म्हणजे नशीब आजमावण्याआधीच तुम्ही बाहेर.

मग काढून घेऊ की नवं, असं मलाही वाटलं होतं. जाहिरात मे महिन्यात आली. डोमिसाईलसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. माझा दाखला हरवलेला, शाळा गावाकडची, आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी. शाळा जूनच्या मध्यावर उघडली तेव्हा दुसरी प्रत मिळाली. तोवर दहावी-बारावीचे निकाल लागलेले आणि सरकारी दाखले मिळतात त्या सेतू केंद्राबाहेर ॲडमिशनवाल्या मुलांची रांग जिन्यापर्यंत आलेली. नाव बदललेलं असल्यामुळे विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागितलं, ते आम्ही कधी काढलंच नव्हतं. आधी ते काढलं, मग अर्ज केला, मग पंधरा दिवस. अर्ज भरायची मुदत मध्ये एकदा वाढवून मिळाली होती, तरीही प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा ती संपून गेली होती. ऑगस्टच्या 14 तारखेला सोडत निघाली ती मी मोबाइलवर पाहिली, आणि त्यात माझं नाव असणं शक्यच नव्हतं.

तेव्हा आत्ता उठा आणि फाईल काढा. डोमिसाईल उजेडात धरून तीन गोष्टी बघा: तारीख, बारकोड, नाव. यातली एकही चुकत असेल तर आपले सरकारच्या पोर्टलवरून किंवा सेतूतून नव्यासाठी अर्ज टाका. जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पत्त्याचा पुरावा, महाराष्ट्रात वर्षानुवर्षं राहत असल्याचे पुरावे, फोटो आणि स्वयंघोषणापत्र एवढं जवळ ठेवा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं खरं दुखणं ते इतक्या वर्षांचे पुरावे. लाइटबिल घरमालकाच्या नावावर, भाडेकरार अकरा महिन्यांचा आणि दर दोन वर्षांनी घर वेगळं. म्हणून जुने करार फेकू नका, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांच्या शाळेचे कागद सगळं जपा. आणि हे काम मे-जूनमध्ये करू नका. दिवाळीनंतर सेतूत माणूस तुमच्याकडे बघून बोलतो, जूनमध्ये त्याला मान वर करायला फुरसत नसते.

आता बाकीचं. आधारकार्ड आणि पॅनकार्ड अर्थात लागणारच. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, एवढं तपासा, कारण ओटीपी त्यावरच येतो. लग्न झालेलं असेल तर नवऱ्याचं किंवा बायकोचंही आधार आणि पॅन लागतं. ‘ती घरीच असते, तिला कशाला पॅन’ असं म्हणणारे मी पाहिलेत. लागतं. काढून घ्या. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं, एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर असेल तर ते आधी सरळ करा.

उत्पन्नाचा पुरावा म्हणजे एक तर आयकर विवरणपत्र, नाहीतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. पगाराच्या स्लिपांवर विसंबू नका. कुठलं आर्थिक वर्ष धरलंय ते जाहिरातीत दिलेलं असतं, तेच द्या. मुंबईसाठी वर्षाला सहा लाखांपर्यंत अत्यल्प गट, नऊपर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च, असे गट 2022 मध्ये ठरले. लहान शहरांसाठी अत्यल्प आणि अल्प गटाचे आकडे याहून कमी आहेत. आणि हे उत्पन्न नवरा-बायको दोघांचं मिळून मोजतात. माझ्या मैत्रिणीने फक्त आपला पगार धरून अत्यल्प गट ठरवला होता, नवऱ्याचा धरल्यावर ती थेट मध्यम गटात गेली. गट चुकला की अनामत रक्कमही चुकते आणि घराची किंमतही. 2023 च्या मुंबईच्या सोडतीत अत्यल्प गटाला 25 हजार, अल्पला 50 हजार, मध्यमला 1 लाख आणि उच्चला दीड लाख अनामत होती, शिवाय प्रत्येक अर्जामागे 590 रुपये. दोन संकेत क्रमांकांवर, म्हणजे दोन वेगळ्या योजनांसाठी, अर्ज केलात तर हे सगळं दोनदा. नंबर लागला नाही तर अनामत परत येते, 590 येत नाहीत. ज्या खात्यात परत यायची ते खातं तुमच्या एकट्याच्या नावाचं आणि चालू असलेलं द्या.

आरक्षणातून अर्ज करायचा असेल तर त्या प्रवर्गाचा कागद हातात असेल तरच करा. अनुसूचित जातींना 11 टक्के, जमातींना 6 टक्के, शिवाय माजी सैनिक, पत्रकार, कलाकार, दिव्यांग असे गट आहेत, आणि तिथे स्पर्धा कमी असते म्हणून मोह होतो. पण प्रवर्गाचा कागद ऐन वेळी मिळेलच असं नाही. नसेल तर सर्वसाधारण गटातून भरा.

जिथली सोडत आहे त्या महापालिकेच्या हद्दीत तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नावावर पक्कं घर नको. हे लपवू नका. घर लागल्यावर उघडकीला आलं तर घर जातं.

संकेतस्थळावरची नोंदणी जाहिरातीची वाट न बघता करता येते आणि ती एकदाच करायची असते, पुढच्या सोडतींनाही तीच चालते. म्हणजे डोमिसाईल आलं की त्याच दिवशी नोंदणी करून ते चढवून टाका. मोबाइलवर काढलेला फोटो नको, पोर्टलवरून उतरवलेली पीडीएफच द्या, बारकोड स्वच्छ दिसला पाहिजे.

दलाल नको. म्हाडाने कुणालाही एजंट नेमलेलं नाही. ‘आपला माणूस आत आहे’ म्हणणाऱ्याचा आत कुणी नसतो, सोडत संगणकावर निघते. 2024 मध्ये तर म्हाडाच्या संकेतस्थळासारखं हुबेहूब दिसणारं बनावट संकेतस्थळ काढून लोकांना गंडवल्याचं उघड झालं होतं. पत्ता स्वतः टाइप करा, शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून पैसे भरू नका.

सोडतीनंतरचं थोडक्यात. नंबर लागला तर घर स्वीकारतोय हे ऑनलाइन कळवायचं, दिलेल्या मुदतीत. मग देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र, मग पैसे, साधारणपणे आधी 25 टक्के आणि नंतर 75. कर्ज लागणार असेल तर बँकेशी सोडतीच्या आधीच बोला. मुद्रांक शुल्क वेगळं. पाच वर्षं घर विकता येत नाही. प्रतीक्षा यादीत नाव आलं तर मोबाइल नंबर आणि मेल बदलू नका, बऱ्याच विजेत्यांना पैसे जमत नाहीत, ते घर परत करतात आणि मग यादी पुढे सरकते.

2024 च्या 2,030 घरांच्या सोडतीत माझा अर्ज गेला. नंबर लागला नाही. लाखावर अर्जांमध्ये तसं होणारच, ते मला सोसलं. 2023 चं अजून सोसत नाही.

घरात कुणाला अठरा पूर्ण झाली असतील तर त्यांचंही डोमिसाईल आताच काढून ठेवा. आणि तुमचं काढलंत का, ते आधी बघा.